रेघोटीचा शंख

सोनपेठ
कार्तिक वद्य एकादशी, शके १८६१

चि. वीरुपाक्षास नागुबाईचा आशीर्वाद.

पोतं पोचलं. जकातीला करोडगिरीच्या नाक्यावर फोडलेलं दिसतंय, सुतळी आपली न्हाई. माल बरा हाय, पण तू मिसळ केलीस. गाठीची कवडी अन् कडीची कवडी एका पोत्यात कामून भरलीस? बहिणीच्या दुकानात इतकी वर्षं बसलास अन् अजून मीच सांगायचं का? गाठीची म्हणजे कडंला टेंगळं असलेली, पिवळी. कडीची म्हणजे पाठीवर सोन्याची कडी ओढल्यावानी. दोघी एका पाण्यातल्या, सख्ख्या बहिणी दिसतात, पण एक न्हाईत. मागल्या खेपेची माळ चतुराबाई आराधिणीनं भर बाजारात माझ्या अंगावर फेकली. म्हणाली, "नागू, मेंढ्याच्या गळ्यातली कवडी देवीच्या गळ्यात घालायलीस होय?" येडबा मेंढरंवाला तिथंच कवड्या बघत बसला होता. तो म्हणतो, "मावशे, तीच माळ मला दे. माझा मेंढा तरी देवीवानी दिसंल." सगळा बाजार हसला. तुझ्यापायी.

मग सगळं पोतं चिंचेच्या पाण्यात टाकलं, राखेनं घासलं अन् पुन्हा निवडलं. माझी नखं गेली.

मालवणात किती दिवस राहायचा इरादा हाय? मचव्यातनं माल उतरला की घ्यायचा अन् निघायचं, असं ठरलं होतं. मल्लम्माला तिथलं पाणी मानवलं का? तिला चार ओळी लिहायला लाव. तुझ्या बायकोचं अक्षर तुझ्याहून बरं हाय.

नागुबाई


मालवण
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

अक्कास वीरुपाक्षाचा शरणार्थ.

मिसळीची चूक माझीच. पण राग सोड अन् एक नवल ऐक.

इथं खडकात एक शंख भेटतो. बोटाएवढा, वर रुंद, खाली निमुळता, भोवऱ्यावानी. पाठीवर अशी नक्षी की आपल्या सोमवारच्या बाजारात पालं ठोकल्यागत, पांढरी पालं तपकिरी जमिनीवर. इतका देखणा, पण इथलं कुणी त्याला हात लावत न्हाई. दिसला की काठीनं लोटतात. मी उचलायला वाकलो तर माझ्या घरमालकिणीनं, बायनाबाईनं, मागून धोतर धरून ओढलं.

तिचाच तरणा भाचा मागल्या साली गेला. शंख हातात घेऊन घरी यायला निघाला होता. वाटेत सुई टोचल्यागत झालं म्हणाला. घरी चालत आला, भाकरी मागितली, भाकरी खायला बोटं उचलंनात. दिवस मावळायच्या आत संपला. दुखलं काहीच न्हाई म्हणे. म्हणून कुणाला खरं वाटलं न्हाई, तो मरंपर्यंत.

इथं मुंबईचे एक साहेब शंख जमवायला येतात. ते म्हणतात ह्या नक्षीच्या शंखात दोन जाती हायत, जवळजवळ जुळ्या. एक त्यांच्याजवळ हाय. दुसरी जिती पाहिजे, दारूच्या बाटलीत घालून न्यायला. दुसरीनं माणूस मेल्याचं त्यांच्या ऐकण्यात न्हाई. ज्याला दोन्ही जाती ओळखता येतील त्याला ते आपल्याबरोबर कायम ठेवणार हायत. मचवे बघत, पोती शिवत बसण्यापेक्षा हे काम मला भावलं. अक्का, कवड्या निवडायला तू शिकवलंस. हेबी निवडता येणार न्हाई का?

मल्लम्मा बरी हाय. तुला शरणार्थ सांगते.

वीरुपाक्ष


सोनपेठ
मार्गशीर्ष वद्य अष्टमी

वीरुपाक्षा,

शंखाला दात फुटले होय? गोगलगाय चावून माणूस मेला असं मी जन्मात ऐकलं न्हाई. तो पोरगा सापानं गेला असंल, खडकात सापच साप. मन्मथअप्पाला, आपल्या शेजारच्या कापडवाल्याला, पत्र वाचून दाखवलं, तर तो म्हणतो, "समुद्र हाय बाई, त्यात काय नसतं." त्याला सगळंच खरं वाटतं. त्याला तूप सांगून कुणीबी डालडा देतं.

तरी पण ऐक. आई गेली तवा तू रांगत होतास. मी स्वतःच्या संसाराचं वाटोळं झाल्यावर माहेरी आले अन् तुला वाढवलं. ते दारूच्या बाटलीत शंख भरायला न्हाई. हात लावू नको.

तू ऐकणार न्हाईस हे मला मालूम हाय. लहानपणी विंचू चिमटीत धरून मला दाखवायला आणायचास. म्हणून असं कर. वाळूवर मेलेले, उन्हात वाळलेले असतील तेवढे सगळे पाठव. ज्या शंखानं तो पोरगा गेला म्हणतात तो कुणाजवळ असंल तर तोबी पाठव. मी निवडते. मी सांगीपर्यंत पाण्यात हात घालायचा न्हाई. मल्लम्माची शपथ घाल स्वतःला.

नागुबाई


मालवण
पौष शुद्ध पंचमी

अक्कास शरणार्थ.

शपथ घेतली. मल्लम्मा समोर बसली होती, तिनं डोळे मिटून घ्यायला लावली.

डब्यात वाळलेले शंख पाठवलेत. वास येईल, तोंडाला पदर लाव. लाल चिंधीत गुंडाळलेला वेगळा हाय, तो त्या पोराचा. त्याच्या आईनं परड्यात पुरला होता. मी मागितला तवा ती उठून परड्यात गेली. मग स्वतः उकरून दिला, पण हातानं न्हाई, उलथन्यानं. मातीत राहून तो अगदी पांढरा-तपकिरी लख्ख निघाला. तेवढा परत पाठव, मी तिला कबूल केलंय.

बायनाबाई आता मल्लम्माशी नीट बोलत न्हाई. तो शंख माझ्या घरात एक दिवस होता म्हणून तिनं उंबरा धुतला.

साहेब माघात पुन्हा येतील. तवर तुझा निकाल येऊ दे.

वीरुपाक्ष


सोनपेठ
पौष वद्य तृतीया

वीरुपाक्षा,

निवडले. साहेब माघात येणार, जलदी नव्हती, म्हणून नीट चार दिवस लावले अन् दुकान मन्मथअप्पाच्या हवाली केलं. त्यानं चतुराबाईला गोफण विकली. आता तीबी परत येईल.

साहेबाचं म्हणणं बरोबर हाय. दोन जाती हायत. घडण एक, तोंड एक, रंगबी एक, आकारावर जाऊ नको, फसशील. फरक नक्षीत हाय. तपकिरी जमिनीवर बघ. एका जातीला तिथं केसावानी उभ्या बारीक रेघोट्या हायत, पाण्यानं हलल्यागत वाकड्या. दुसऱ्या जातीला रेघोटी एक न्हाई, ओळीनं ठिपके हायत, रांगोळीच्या ठिपक्यांवानी. लाल चिंधीतला रेघोटीचा हाय. म्हणजे मारका तो रेघोटीचा. ठिपक्याचा तो आपला.

मन्मथअप्पानं सगळे पुन्हा पुन्हा मिसळून दिले. मी पुन्हा तसेच काढले. एकबी इकडचा तिकडं गेला न्हाई. तो म्हणाला, "नागुबाई, तुमी लोकांच्या पोरी बघायला जात जा. लग्नं मोडणार न्हाईत."

आता कसं बघायचं ते ऐक. रेघा लय बारीक हायत, लांबून दिसायच्या न्हाईत. आधी काठीनं उलथून घे. ठिपके दिसले तरच उचल. डाव्या तळव्यावर घे, पूजेत लिंग घेतो तसा, उजेडाकडं तोंड कर अन् डोळ्याजवळ नेऊन बघ. एक जरी रेघोटी दिसली तरी फेक. एवढं केलंस तर घाबरायचं कारण न्हाई. मी सांगते ना.

चिंधीतला परत पाठवलाय. त्या आईला माझा शरणार्थ सांग.

नागुबाई


मालवण
माघ शुद्ध द्वितीया

अक्कास शरणार्थ.

तुझा निकाल आला तवा मी नाचलो. शपथ सुटली.

पौषी अमावास्येच्या ओहोटीला उतरलो. काठीनं उलथले, ठिपके बघितले, मग तळव्यावर घेऊन बघितले, अगदी तू सांगितलंस तसे. काही झालं न्हाई. एक तर माझ्या हातावर बाहेर आला, सोंडेवानी काहीतरी लांब काढलं अन् हवेत हुंगत राहिला. मल्लम्मा काठावरनं ओरडायलीय अन् मी हसायलोय. मग आत गेला.

एक गंमत सांगतो. इथं सगळे ठिपक्याचेच भेटतात. इतके उलथले, रेघोटीचा एकबी न्हाई. मारकी जात ह्या खडकातनं उठूनच गेली असंल. पाण्यातला शंख तुझ्या शंखांवानी लख्ख नसतो, मळकट असतो, पण ठिपके साफ दिसतात.

त्या दिवशी पकडलेले साहेबांसाठी ठेवायचे म्हणून मडक्यात घातले होते, ते मेले. म्हणून आता माघी अमावास्येला, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, मोठी ओहोटी लागंल तवा उतरायचं. साहेब स्वतः काठावर असतील. भरपूर पाहिजेत म्हणाले.

बायनाबाईच्या पोरींना मी तुझा नियम शिकवलाय. त्या तुला 'शंखवाली अक्का' म्हणतात.

वीरुपाक्ष


सोनपेठ
माघ वद्य द्वादशी

वीरुपाक्षा, उतरू नको.

तुझं पत्र आज आलं, इतके दिवस वाटेत कुठं अडकलं होतं कोण जाणे. वाचता वाचता 'सगळे ठिपक्याचेच' इथं आले अन् हातातली भाकरी तशीच राहिली. सगळे एकाच जातीचे कसे? माझ्यापुढं तर दोन्ही निम्मे निम्मे होते, अन् ते तुझ्याच खडकातले होते.

मी सगळं दुकान उलथलं. मापाच्या पायलीमागं तुझ्या डब्यातला एक शंख घरंगळून पडला होता, घासायचा राहिलेला. वर काकवीच्या रंगाची साल, पातळ, अन् सालीवर ओळीनं ठिपके. कुणीबी म्हणंल ठिपक्याचा. मीबी म्हटलं. मग राखेनं निम्मा घासला. साल निघाली. ठिपके सालीबरोबर गेले. खाली रेघोट्या.

वीरुपाक्षा, तू बघतोस ते ठिपके शंखाचे न्हाईत. सालीचे हायत. जिता शंख सालीतच असतो. पाण्यात दोन्ही जाती ठिपक्याच्याच दिसणार. तू जे जे तळव्यावर घेतलेस त्यातले कोणते कोण होते ते देवाला माहीत.

मी चिंचेत भिजवून, घासून मग बघितले. तुला लिहिलं न्हाई. घासल्याबिगर माल मी कधी बघतच न्हाई, त्यात लिहायचं काय, असं वाटलं.

हे पत्र तुला अमावास्येनंतर भेटंल, मला कळतं. तरी लिहायलेय कारण हात गप बसंना. मन्मथअप्पाला बैल जुंपून गंगाखेडला धाडलंय, तिथनं आगगाडीनं परभणीच्या तारघरात. तारेत एवढंच: पाण्यातल्या शंखाला हात लावू नको, नियम चुकला. तारबाबू उद्या या म्हणाला तर त्याचे पाय धर म्हटलं. मन्मथअप्पा म्हणाला, "नागुबाई, मी तारबाबूला कडेवर घेतो, तुमी शांत व्हा." तो हसवायला बघत होता. त्याच्याबी तोंडाचं पाणी पळालं होतं.

त्या पोरींनाबी सांग.

नागुबाई


मालवण
माघ अमावास्या

अक्कांना मल्लम्माचा शरणार्थ.

यांच्या बोटांना मुंग्या आल्यात म्हणून मी लिहायलेय. काळजी नसावी.

तार आली. तारवाला दारात उभा होता, तवा हे पाण्यात होते. मला विंग्रजी येत न्हाई, मी तशीच कागद घेऊन खडकाकडं पळाले. साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. एकदम पाण्याकडं चालायला लागले, बुटासकट, गुडघ्यापर्यंत गेले अन् ओरडले. वारा लय होता. यांनी तळवा डोळ्यापाशी धरलेला होता. आमच्याकडं बघून दुसरा हात वर केला. यांना वाटलं आमी शाबासकी द्यायलोय.

मग आले. टोपलीत पुष्कळ होते. साहेबांनी टोपली हातातनं काढून वाळूवर ठेवली अन् यांचा तळवा उलटासुलटा करून बघितला. बारीक लाल ठिपका होता, काटा मोडल्यागत. हे म्हणाले, "हां, मघाशी एकदा मुंगी चावल्यावानी झालं, कोणत्या शंखाला ते ध्यानात न्हाई." दुखत न्हाई म्हणाले. घरी चालत आले, माझ्या पुढं पुढं. वाटेत तुमची तार ऐकून म्हणाले, "बघ, अक्का चुकली! आता हे मी तिला जन्मभर ऐकवीन."

घरी आल्यावर भाकरी मागितली. शिवरात्रीचा उपास सोडून पोटभर जेवलेच नव्हते. मी ताट वाढलं.

आता ओठ जड झालेत म्हणतात. दिवा लावला तर म्हणाले, दोन कामून लावलेस? साहेब वैद्याला आणायला गेलेत. बायनाबाई अन् वाडीतल्या बाया येऊन दारात बसल्यात. मी म्हटलं, जा, यांना झोपू द्या. त्या उठंनात.

टपालाची पिशवी बांधायलेत, बायनाबाईची पोरगी पत्र न्यायला उभी हाय. पुढचं उद्या लिहिते.

मल्लम्मा


मालवण
फाल्गुन शुद्ध पंचमी

ती. अक्कांना मल्लम्माचा शरणार्थ.

इकडील सर्व ठीक. यांना आराम आहे. अंबील घेतात. अजून बोलता येत नाही, लिहिताही येत नाही, परंतु वैद्य म्हणतात हळूहळू होईल. आपण चिंता करू नये. वाट दूरची आहे, आपण येण्याची तसदी घेऊ नये. आम्हीच येऊ.

साहेब मुंबईस गेले. प्रकृतीस जपावे.

मल्लम्मा


सोनपेठ
फाल्गुन शुद्ध द्वादशी

मल्लम्मा,

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बसलेय. पहिल्यात शाई सांडलीय, ओळी वर चढल्यात, कागदावर पिठाचं बोट हाय. ते तू लिहिलंस. दुसरं कुणी लिहून घेतलं? तू 'तसदी' कधीपासून म्हणायला लागलीस? त्याला चावून पाच दिवसांनी लिहिलेलं हे पत्र अन् त्यात कवडी न्हाई, मचवा न्हाई, टोपलीतल्या शंखांचं काय झालं ते न्हाई. तो जिता असता तर मुका होऊनबी बोटानं टोपली दाखवली असती.

पण असंबी असंल की तू दमलीस. असंबी असंल की शेजारच्या कुणी भटजीनं लिहून दिलं अन् बाकी सगळं खरं हाय. माझा जीव हे धरतो अन् लगेच ते धरतो. मन्मथअप्पाला दोन्ही पत्रं दाखवली. तो टोपी काढून खाली बसला. हसवलं न्हाई.

त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवून पाठव, असं तुला लिहिणार होते. मग थांबले. जमिनीच्या कागदावर मेलेल्यांचे अंगठे उठवलेले मी बघितलेत. अंगठ्यावरनं काही कळत न्हाई. अंगठा पाठवू नको.

बायनाबाईच्या पोरींना अन् सगळ्या वाडीला सांगितलंस का? न्हाई तर हे पत्र खाली ठेव अन् आधी दारोदार जा. म्हणावं, शंखवाल्या अक्काचा नियम खोटा हाय, नक्षीच्या कोणत्याच शंखाला हात लावू नका, पहिल्यावानी काठीनंच लोटा. कुणी हसलं तर हसू दे. बायनाबाईच्या बहिणीला, त्या गेलेल्या पोराच्या आईला, म्हणावं, तू हात लावला न्हाईस ते बरोबर होतं.

मी यायलेय. मन्मथअप्पा सोबत हाय. कोल्हापूरपर्यंत आगगाडी अन् पुढं मोटार. पौर्णिमेनंतर रोज मोटारीवर ये. तो असंल अन् उचलून आणण्याजोगा असंल तर आण, नसंल तर एकटीच ये. पण एकटी आलीस म्हणून मी काही समजणार न्हाई. तुझ्या कपाळाकडं, बांगड्यांकडं बघून मी काही ठरवणार न्हाई. लांबनं बघून मला आता काहीच ओळखता येत न्हाई, मल्लम्मा.

मोटारीच्या खिडकीपाशी ये, माझा हात धर अन् तुझ्या तोंडानं सांग. तू सांगीपर्यंत मी खाली उतरणार न्हाई.

नागुबाई